कृषिसंशोधकाच्या खिशातील सभा



समाजमाध्यमांमुळे कृषिसंशोधकांची कामाकडे पाहण्याची वृत्ती कशी बदलते, हा आजचा विषय. सिन्नरच्या पेठेतील माणसाला या विषयाचे काय, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आरंभीच देणे बरे. आपला तालुका कांद्याचा, मक्याचा, सोयाबीनचा आणि डाळिंबाचा. पाऊस बेताचा, पूर्वेकडच्या गावांत तर फारच बेताचा. पहिली पेरणी फसली की दुसरीसाठी हातात पैसा नसतो. अशा ठिकाणी वाण कोणता घ्यावा, औषध कोणते मारावे आणि मुख्य म्हणजे कोणते मारू नये, हे ज्याच्या शब्दावर ठरते, तो माणूस आपल्या कामाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो ही केवळ त्याची खासगी बाब उरत नाही. त्याचे मन कामात आहे की नाही, याचा हिशेब अखेर आपल्या शिवारात आणि शिवारातून आपल्या पेठेत उमटतो.

प्रथम हा संशोधक कोण, ते पाहू. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि नाशिक जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. आपल्या शेजारच्या निफाड तालुक्यात त्याचे गहू संशोधन केंद्र आहे, पिंपळगाव बसवंतला कांद्याचे आहे. याशिवाय केंद्र सरकारच्या संस्था आहेत : राजगुरुनगरला कांदा आणि लसूण यांची, मांजरीला द्राक्षाची, सोलापूरला डाळिंबाची. कृषी विद्यापीठातील माणसाच्या अंगावर तीन कामे असतात. मुलांना शिकवावयाचे, संशोधन करावयाचे आणि त्या संशोधनाचे सार शेतकऱ्यापर्यंत न्यावयाचे. या तिसऱ्या कामाला ‘विस्तार’ म्हणतात. समाजमाध्यमांचा शिरकाव झाला तो या तिसऱ्या दरवाजाने. २००४ साली फेसबुक निघाले, २००५ साली यूट्यूब, २००९ साली व्हॉट्सॲप. आणि पुढच्या दहाएक वर्षांत शेतकऱ्याच्या व संशोधकाच्या खिशात एकाच जातीचे यंत्र जाऊन बसले. पूर्वी संशोधकाला भेटावयाचे म्हणजे एस.टी.ने राहुरी गाठावी लागे. आता शेकडो माणसांची सभा त्याच्या खिशात अष्टौप्रहर भरलेली असते.

या सभेचा परिणाम समजावयाचा तर त्याच्या मूळ कामाचा स्वभाव आधी ध्यानात घेतला पाहिजे. हे काम फार सावकाश चालते. निफाडला तयार झालेल्या गव्हाच्या वाणांची ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ ही नावे आपल्या ओळखीची आहेत. असा एखादा वाण कसा निपजतो? दोन निवडक गव्हांचा संकर करावयाचा. त्याची संतती पिढ्यान् पिढ्या पेरून, तांबेऱ्याला बळी पडणारी, कमी फुटव्यांची, लोळणारी झाडे काढून टाकावयाची. गुण स्थिर झाले की केंद्रावर चाचणी घ्यावयाची. आणि त्यानंतर देशातील निरनिराळ्या ठिकाणी सहसा तीन वर्षे परीक्षा द्यावयाची. दहाबारा वर्षे सहज जातात. कांद्याचे तर विचारूच नका. गव्हाचे बी एका हंगामात हाती येते. कांद्याला मात्र पहिल्या हंगामात कांदा धरतो, त्यातून निवडलेला कांदा पुन्हा लावावा तेव्हा डोंगळे येतात, मधमाशा फिरतात आणि मग बी मिळते. एका पिढीला दोन हंगाम. ‘भीमा शक्ती’ची पुडी आपण दुकानातून घेतो, तेव्हा तिच्यामागे किती हंगाम गेले असतील याची आपल्याला कल्पना नसते.

मग एवढी वर्षे या माणसाला कामाशी बांधून ठेवते कोण? पगार तर आहेच. पण नुसत्या पगाराने मनुष्य हजेरी लावतो, जीव लावत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली पिट्सबर्गकडील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कामात समाधान केव्हा वाटले आणि वैताग केव्हा आला, असे त्यांनी विचारले होते. वैतागाची कारणे बहुधा बाहेरची निघाली : नियम, वरिष्ठ, पगार, सोयी. समाधानाची कारणे निराळी निघाली. काही साधले याचा आनंद, केलेल्या कामाची कदर, खुद्द कामातील गोडी आणि अंगावर आलेली जबाबदारी, ही त्यांतील प्रमुख होत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा : ‘साधणे’ आणि ‘कदर होणे’ ही दोन निरनिराळी सुखे आहेत. पुष्कळदा ती जोडीने येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

ती किती दूर पडू शकतात याचे उदाहरण मक्याच्याच शेतातले आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन संशोधिकेने मक्याच्या दाण्यांवरील रंगीबेरंगी ठिपक्यांचा अभ्यास करून असे दाखविले की, आनुवंशिक गुणांचे काही घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊ शकतात. १९५० च्या सुमारास त्यांनी हे विद्वानांपुढे मांडले, तेव्हा ते फारसे कोणाच्या पचनी पडले नाही. त्यांनी त्या विषयावर लिहिणे जवळजवळ थांबविले. काम मात्र थांबविले नाही. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. मधली तीस वर्षे त्यांना कामानेच पोसले. प्रत्येक संशोधक मॅक्लिंटॉक होत नाही हे उघड आहे. पण प्रत्येक संशोधकाला मधली काही वर्षे अशी काढावीच लागतात.

आता या सावकाश कामाच्या माणसाला शेतकऱ्याशी जोडावयाचे कसे, हा प्रश्न मोबाईलपूर्वीही होता, आणि त्याचे एक फार चांगले उत्तर आपल्याच जिल्ह्यात दिले गेले. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. पुणे, तेव्हाचा अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे. सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी एकत्र बसून ऐकावयाचे, मग चर्चा करावयाची, आणि उरलेल्या शंका केंद्राला कळवावयाच्या. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. ही कल्पना मूळची कॅनडातील. युनेस्कोने या प्रयोगाला साहाय्य केले आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. जेथे मंडळ होते तेथील लोकांच्या ज्ञानात चांगली भर पडली, असे त्या पाहणीत दिसून आले.

या प्रयोगातील मर्म माझ्या मते नभोवाणीच्या पेटीत नव्हते, ते चर्चेत होते. एखाद्याने शंका काढली की शेजारी म्हणे, ‘अहो, तुमच्या वावरात पाणी साचते, म्हणून तसे झाले.’ दुसरा म्हणे, ‘माझे वावर निचऱ्याचे आहे, तरीही झाले.’ अशी घुसळण होऊन जी शंका उरे, तीच तज्ज्ञाकडे जाई. म्हणजे प्रश्न गावातच पिकत असे आणि पिकलेला प्रश्न संशोधकाच्या हाती पडत असे. त्यालाही उत्तर देण्यापूर्वी विचार करण्यास दोनतीन दिवस मिळत.

मोबाईलने हे अंतर नाहीसे केले. त्याचे फायदे प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते लहान नाहीत. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा येथे मक्यावर एक नवी अळी आढळली. ही अमेरिकेतून आफ्रिकेत आणि तेथून आपल्याकडे आलेली लष्करी अळी. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. हिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढावे तशी खूण असते आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके असतात. या खुणा मोबाईलच्या छायाचित्रात दिसू शकतात. पोंग्यात शिरलेल्या अळीचे चित्र सकाळी शेतातून निघून दुपारच्या आत कीटकशास्त्रज्ञापर्यंत पोहोचू लागले. पक्के निदान प्रयोगशाळेतच व्हावयाचे. पण कोठे धावावयाचे हे चित्राने कळते. केंद्राच्या चार एकरांत बसलेल्या माणसाला जणू हजारो डोळे फुटले.

याचा त्याच्या वृत्तीवर काय परिणाम होतो? एक तर आपले काम कोणासाठी आहे, हे त्याला समोर दिसते. शोधनिबंध लिहिला तर तो चार विद्वान वाचतील. पण ‘साहेब, तुम्ही सांगितले तसे केले, मका वाचला’ असा निरोप आला की, आपण शिकलो ते फुकट गेले नाही असे वाटते. दुसरे असे की, एकटेपणा कमी होतो. आडगावच्या केंद्रातील तरुण संशोधक दुसऱ्या राज्यातील जाणत्याला सरळ विचारू शकतो. मधल्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तिसरे, नवे प्रश्न सुचतात. एकाच आठवड्यात दहा गावांहून सारखीच तक्रार आली, तर ती तक्रार राहत नाही, तो संशोधनाचा विषय होतो. ही सर्व कामाची गोडी वाढविणारी कारणे होत. हर्झबर्गच्या भाषेत बोलावयाचे तर ‘साधण्या’चे सुख येथे वाढते.

आता दुसरी बाजू. खिशातील सभेतून संशोधकाकडे प्रश्न येतात तशा टाळ्याही येतात. अंगठे, हृदये, ‘लाईक’ आणि पाहणाऱ्यांचे आकडे. टाळी कोणाला आवडत नाही? आणि दहा वर्षे वाट पाहणाऱ्याला तर ती अधिकच आवडते. पण येथे एक सूक्ष्म धोका आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील एका बालवाडीत प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांतील काहींना ‘चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल’ असे आधी सांगितले. काहींना न सांगता मागाहून बक्षीस दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मुले मोकळी असताना पाहिले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढणारी मुले आता इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रकलेला देत होती. ज्यांना अवचित बक्षीस मिळाले होते, त्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. तात्पर्य, बक्षीस वाईट नाही. बक्षिसाची बोली वाईट. कामानंतर टाळी आली तर बरेच आहे. टाळीसाठी काम सुरू झाले की कामातील गोडी आटू लागते.

मुलांचा नियम मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये हे मला मान्य आहे. तरी कल्पना करा. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. एका फवारणीने तो मुळापासून जात नाही. रोगमुक्त रोपे, छाटणीची हत्यारे निर्जंतुक करणे, रोगट फळे व फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट करणे, बहार विचारपूर्वक धरणे आणि बागेला विश्रांती देणे, असे त्याचे लांबलचक व कंटाळवाणे पथ्य आहे. समजा, एका संशोधकाने हे पथ्य प्रामाणिकपणे सांगणारी चित्रफीत केली आणि दुसऱ्या कोणी ‘तेल्यावर हमखास उपाय, फक्त तीन दिवसांत’ अशी केली. टाळ्या कोणाला जास्त पडतील? पहिल्या माणसाने मनाशी विचार केला की पुढच्या खेपेस आपणही जरा ठळक बोलावे, ‘बहुधा’ आणि ‘काही जमिनींत’ हे शब्द गाळावेत, तर तो खोटे बोलला असे नाही. पण तो शास्त्रापासून एक पाऊल सरला. शास्त्राची सारी अब्रू त्या ‘बहुधा’त असते. आणि ठळक बोलण्याची किंमत बागवाल्याला मोजावी लागते.

दुसरा तोटा लक्ष विखुरण्याचा. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली असे दाखविले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात उणे होते. गव्हाच्या ओळीत उभे राहून पानावरील तांबेऱ्याचे प्रमाण अजमावणाऱ्याच्या खिशात दर पाच मिनिटांनी फोन थरथरला, तर त्याच्या नोंदवहीतील आकड्यांवर आपण किती विसंबावे? शिवाय ही सभा कधी बरखास्त होत नाही. रात्री दहाला प्रश्न येतो आणि सकाळी सहाला ‘उत्तर का नाही?’ असा रोष येतो. शोधनिबंधांची मोजदाद कशी करावयाची हे ठरलेले आहे; रात्री दहाच्या उत्तराची कशी करावयाची, हे तितके ठरलेले नाही. मग ज्याला लोकांची कळकळ आहे तोच आधी थकतो आणि ज्याने फोन बंद ठेवला तो सुखी राहतो. सचोटीच्या माणसाला कामाचा वीट आणणारी याहून सोपी रीत नाही.

तिसरा तोटा अफवेचा. २०२२ च्या सप्टेंबरात ‘घोणस अळी’चे प्रकरण आपण सर्वांनी पाहिले. हिचा दंश झाला की माणूस काही मिनिटांत मरतो, असे संदेश भयंकर छायाचित्रांसह गावोगाव फिरले. बायामाणसे शेतात जाण्यास भिऊ लागली. कृषी विद्यापीठांतील कीटकशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले की, या अळीच्या केसांनी आग होते, सूज येते, काहींना अधिक त्रास होऊन डॉक्टरकडे जावे लागते. पण सापासारखा दंश ती करीत नाही. रुतलेले केस चिकटपट्टीने अलगद काढावेत आणि बर्फ लावावा. शास्त्रज्ञांनी ते काम केले, आणि ते करणे जरूरच होते. परंतु एक खोटा संदेश पुढे ढकलण्यास एक क्षण लागतो आणि तो खोडून काढण्यास एका जाणत्या माणसाचे दिवस जातात. ते दिवस कोणाच्या तरी प्रयोगातून वजा होतात.

श्रोतेहो, दोन्ही बाजू मांडल्यावर मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : मोबाईल चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यातून संशोधकाकडे प्रश्न जातो की टाळी जाते, यावर सारे अवलंबून आहे. चांगला प्रश्न त्याला शेताकडे परत नेतो, कामाबद्दलचा आदर वाढवितो. टाळी आणि अफवा त्याला शेतापासून ओढून पडद्याकडे नेतात. आणि त्याच्या खिशात काय जावे, हे अर्धे त्याच्या हाती असले तरी अर्धे आपल्या हाती आहे.

संस्थांनी काय करावे ते सांगण्यास फार विद्वत्ता नको. उत्तरे देण्याची वेळ ठरवावी. ते काम एकट्यादुकट्याच्या भिडेवर न टाकता पाळीपाळीने वाटावे. दिलेल्या उत्तरांची नोंद ठेवून त्यांना कामाचा मान द्यावा. आणि ‘मला नक्की ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणणाऱ्याची अप्रतिष्ठा होऊ देऊ नये.

पण उपदेश दुसऱ्याला करून आपण मोकळे होऊ नये. कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडली, एवढे एकच जवळून काढलेले चित्र पाठवून ‘औषध सांगा’ असे लिहिले, तर संशोधकाने काय सांगावे? पात फुलकिड्यांनी पिवळी पडते, करप्याने पडते, पाण्याच्या ताणाने पडते आणि साचलेल्या पाण्यानेही पडते. म्हणून एक चित्र संपूर्ण वावराचे, एक उपटलेल्या रोपाचे मुळांसह, एक पातीच्या बेचक्यातील असे पाठवावे. गाव, वाण, लागवडीची तारीख, पाणी केव्हा दिले, आधी काय फवारले, हे लिहावे. त्याआधी शेजारच्या दोन शेतकऱ्यांना विचारावे. १९५६ साली नाशिक जिल्ह्यातील मंडळे हेच करीत होती. प्रश्न गावात पिकवून मग पाठवीत होती. गावात, गल्लीत, दुकानाच्या फळीवर अशी पाचसात जणांची बैठक आजही भरू शकते, आणि तिला नभोवाणीची पेटीसुद्धा लागत नाही.

आणि शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची. सल्ला मिळाला की आपण हात जोडलेले चित्र पाठवितो आणि प्रकरण संपले असे समजतो. ते संपलेले नसते. तीन आठवड्यांनी दोन ओळी लिहा : सांगितले तसे केले, एवढ्या भागात उपयोग झाला, एवढ्यात झाला नाही. ‘उपयोग झाला नाही’ हेसुद्धा न संकोचता लिहा. शंभर अंगठ्यांपेक्षा या दोन ओळी संशोधकाला मोलाच्या असतात, कारण त्यांत त्याच्या कामाचे खरे माप असते. त्या वाचून तो फोन खिशात ठेवील आणि पुन्हा आपल्या ओळींत जाऊन उभा राहील. पुढचा वाण तेथूनच निघावयाचा आहे.